ठमाबाईने अडवलेली हळद

ठमाबाई ही आमच्या भागातली धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन विधी लावणारी बाई म्हणजे धवलारीण. ती नसली तर नवऱ्याला हळदसुद्धा लागत नाही. तिचा आवाज खणखणीत आणि स्वभाव त्याहून खणखणीत. मला ती फार आवडायची, आणि तेवढीच तिची भीतीही वाटायची.

छप्पन साली सरकारने अंबरनाथ पूर्वेला कामगारांसाठी चाळी बांधल्या. घरं पक्की, कौलं नवी, आणि मागे हाकेच्या अंतरावर रंगाच्या कारखान्याचा गाळ टाकायचा खड्डा! ही जागा कोणी निवडली देव जाणे. निवडणारा तिथे राहायला आला नाही, एवढं खरं. वर्षभरात आमच्या विहिरीचं पाणी गुलाबी झालं आणि पोरं अंग खाजवून रडू लागली. आम्ही तक्रारी केल्या. साहेबलोक आले, नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि गेले.

गाळाच्या गाड्यांचा मुकादम महिपती आमच्याच चाळीत राहायचा. त्याच्या मुलाचं, जनूचं, लग्न सोनिवलीच्या वेणूशी ठरलं. हळदीला ठमाबाई आली. नवरी पुढे ज्या विहिरीवर पाणी भरणार, तिथलंच पाणी हळदीला हवं, ही तिची शिस्त. बायकांनी घागर आणली. ठमाबाईने पांढरं सूत त्यात बुडवून वर काढलं, तर ते गुलाबी! ती पाटावरून उठलीच.

"मी नाय गानार."

"मावशे, नदीचं पानी आनतो ना," महिपती गयावया करू लागला.

"आन. मंग वेनू रोज नदीवर जाईल? पोरगी हितं नांदनार हाय. तिची पोरं ह्याच बावीचं पानी पिनार."

"मी काय करू? सायब सांगतो तिथं गाड्या खाली करतो."

"मंग सायबालाच सांग, हलद अडली."

सकाळी कारखान्याचा भोंगा झाला. पण लग्न लागल्याशिवाय मांडव सोडायचा नाही, म्हणून वऱ्हाड बसून राहिलं. आणि वऱ्हाड म्हणजे निम्मा कारखाना! कोणी घोषणा दिली नाही, संपाचं नाव काढलं नाही. सगळे नटूनथटून वडे खात बसले. शेवटी मोठा साहेब स्वतः मांडवात आला आणि कारखान्याच्या नळाचा फाटा चाळीला द्यायचं, शिवाय गाड्या बंद करायचं कबूल करून गेला. चर वऱ्हाडानेच खणला. नळाला पाणी आलं तेव्हा ठमाबाईने असा काही धवला लावला की हसता हसता माझे डोळे भरून आले.

जेवणं झाल्यावर महिपती खाली मान घालून तिच्यापाशी आला.

"मावशे, गाड्या बंद नाय झाल्या. उद्यापासून तुझ्या गावच्या ओढ्यावर खाली करायच्या, असा हुकूम आलाय."

आमच्या तोंडचं पाणीच पळालं. ठमाबाईने मात्र शांतपणे पान लावलं.

"वैशाखात आमच्या गावात लय लगनं हायत," ती म्हणाली. "सायबाला सांग, वऱ्हाड हेच हाय."