टेकडीच्या मागच्या अंगाला

हा अनुभव लिहावा की नाही, हे ठरवायला मला बराच काळ लागला. देवाची कृपा झाली हे खरं, पण त्यात माझी बाजू चांगली नाही, आणि ती झाकून कृपेचं तेवढं सांगणं बरं दिसत नाही.

मी नगरची. घरी वडिलांची पूजा एक दिवस चुकली नाही. मला मात्र परीक्षा जवळ आली की देव आठवायचा. समुदाय आणि आंतरराष्ट्रीय विकास या विषयात मी एम.ए. करत होते आणि पुढे शिकायला परदेशी विद्यापीठात अर्ज केला होता. तिथला प्रवेश माझ्या शेवटच्या अहवालावर अडला होता. त्यासाठी पारनेर तालुक्यातल्या एका गावात दोन महिने राहिले. एक संस्था तिथे नळाची लाईन टाकणार होती, आणि ती कुठवर न्यायची हे माझ्याच अहवालावरून ठरायचं होतं.

गावाचा नकाशा आपण काढायचा नाही, गावाला काढू द्यायचा, असं आम्हाला शिकवलेलं. म्हणून एका सकाळी मारुतीच्या देवळात माणसं जमली आणि फरशीवर रांगोळीनं घरं, विहिरी, शाळा, डेअरी काढू लागली. मी कौतुकानं फोटो घेत होते. नकाशा टेकडीपाशी येऊन थांबला. टेकडीमागून चुलींचा धूर येताना मी पाहिला होता, म्हणून विचारलं. तिकडं आठ घरं आहेत पण ती बाहेरून आलेली, गावात धरत नाहीत, असं सरपंचांनी सांगितलं. मी बरं म्हटलं आणि अहवालात लिहिलं, की हा नकाशा सबंध गावानं मिळून काढला आहे. आजही ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते.

अहवाल संपत आला तशी माझी धाकधूक वाढली. टेकडीवर खंडोबाचं ठाणं आहे. प्रवेश मिळू दे, एवढंच मागायला मी चैत्रातल्या उन्हात अनवाणी चढले. भक्तीपेक्षा हौसच जास्त. पाण्याची बाटली चपलांबरोबर खाली राहिली. दर्शन घेऊन उतरताना वाट चुकून टेकडीच्या मागच्या अंगाला लागले, तळवे भाजले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खडकावर बसले ते मला उठवेचना. हाक मारायलाही आवाज फुटत नव्हता. मनातल्या मनात देवाला म्हटलं, आता प्रवेश नको, कुणीतरी पाठव.

थोड्या वेळानं डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई खालून वर आली. तिनं मला धरून सावलीत नेलं, पदर भिजवून माझ्या डोक्यावर ठेवला, घोट घोट पाणी पाजलं. अर्धा हंडा माझ्यावर संपला. ते पाणी तिनं दीड कोसावरून आणलं होतं, हे मला नंतर कळलं. तिचं नाव भामाबाई. मला जरा हुशारी आल्यावर तिनं शांतपणे विचारलं,

"ताई, तुमच्या त्या रांगोळीत आमची घरं काढली का हो? मी पायरीखाली उभी हुते. वर ये म्हनलं न्हाई कुनी. तुमी बघितलं बी हुतं माझ्याकडं."

बघितलं होतं. हिरव्या लुगड्यातली बाई, एवढं मला आठवलं. मी खाली मान घालून सांगितलं, करते काहीतरी.

काय केलं? नकाशा पुन्हा काढायचा तर पंधरा दिवस मोडले असते आणि अर्जाची मुदत टळली असती. मी अहवालाच्या शेवटी एक ओळ वाढवली: भविष्यात विखुरलेल्या वस्त्यांचाही विचार व्हावा. मार्गदर्शकांना ती ओळ फार आवडली. प्रवेश मिळाला. मी पेढे वाटले, देवापुढे नारळ फोडला आणि विमानात बसले.

दोन वर्षांनी परत आले तेव्हा आधी त्या गावी गेले. नळ टेकडीच्या अलीकडे थांबला होता. भामाबाई तशीच हंडा घेऊन चढत होती. मी वाकून तिचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं, ती ओळसुद्धा. ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"देवानं तुमाला ह्या अंगाला उगंच न्हाई उतरवलं, ताई," ती म्हणाली. "पर तुमी पुन्हा त्या अंगाला गेल्या."

त्या दिवशी मला वाटलं होतं, देवानं माझ्यासाठी माणूस पाठवलं. खरं तर त्यानं मलाच तिच्याकडे पाठवलं होतं. माझी हाक त्यानं ऐकली, त्याची मी ऐकली नाही. शरण जाणं म्हणजे हात जोडणं, एवढंच मी समजत होते; दाखवलं ते दिसल्यावर आपलं ठरवलेलं सोडून द्यावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं. तरी त्यानं मला दुसऱ्यांदा तिच्या दारात उभं केलं, हे उपकार मी विसरणार नाही.

आठ घरांचा अर्ज आता मी स्वतः केला आहे आणि दर सोमवारी तालुक्याला जाऊन विचारते. मंजुरी अजून आलेली नाही. भामाबाई रोज दीड कोस चालते.