पानशेत लिहिलेल्या पुड्या

ही गोष्ट सांगायचं मी पंचवीस वर्षं टाळलं. बायकोला सांगितली नाही, मुलाला सांगितली नाही. कुणी आफ्रिकेचं विचारलं की तिथला उकाडा, मच्छर आणि भातावरचं शेंगदाण्याचं कालवण यांबद्दल बोलायचो. लोकांचं तेवढ्यावर भागायचं. आता घरात विचारणारं कुणी उरलेलं नाही. बायको गेली, मुलगी सासरी, मुलगा पुण्यात. लिहायला बसलो त्याला हेही एक कारण असेल.

सकाळी मार्गासनीला रस्त्यावरच्या हॉटेलात चहाला जातो. तिथली मंडळी माझी वाटच बघत असतात.

"काका, हिऱ्याचं खडं कुठं पुरल्यात त्ये सांगून ठिवा. वर घिऊन जानार हाय का?"

"म्हशीच्या गोठ्यात पुरलेत," मी म्हणतो.

"मग म्हस आमाला इका. पर गोठ्यासकट!"

सगळे हसतात, मीही हसतो. चहा संपला की उठतो. घरी येऊन कुलूप काढतो तेव्हा लक्षात येतं, आज दिवसभरात जे बोलायचं ते बोलून झालं.

विशीत मी वेल्ह्याहून मुंबईला गेलो आणि हिऱ्यांच्या एका पेढीवर शिपाई म्हणून लागलो. पाणी द्यायला आत गेलो की टेबलाशी रेंगाळायचो. कच्चा हिरा चमकत नाही. तुरटीच्या खड्यासारखा दिसतो, कधी धूळ बसलेल्या खडीसाखरेसारखा. पण मला त्यांच्यातला फरक दिसायचा. तो का दिसतो ते मलाही सांगता येत नसे. मालकांच्या हे ध्यानात आलं आणि त्यांनी मला ट्रे उचलायच्या कामावरून खुर्चीवर बसवलं. पुढं चाळिशी उलटल्यावर त्यांनीच मला पश्चिम आफ्रिकेतल्या एका गावी, खरेदीच्या ऑफिसात पाठवलं. देशाचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखू येईल त्यांना येईल.

तिथं माझं काम प्रतवारीचं. उत्तरेच्या खिडकीशी पांढरा कागद पसरून, डोळ्याला भिंग लावून, चिमट्यानं एकेक खडा बाजूला करायचा. तिथले हिरे नदीच्या वाळूत सापडतात, आणि प्रत्येक ठिकाणच्या नदीची खूण खड्याच्या सालीवर राहते. एका जागेचा माल पिवळसर, दुसरीकडचा कडा घासलेला, तिसरीकडचा शेवाळलेल्या काचेसारखा हिरवट. महिन्याभरात मी खडा बघून जागा सांगू लागलो. तिथल्या गावांची नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून खडे बांधायच्या कागदी पुड्यांच्या आतल्या घडीवर मी आपल्याकडची नावं घालू लागलो. जुन्या, शांत खाणींचा माल भाटघर. रस्त्यानं येणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांचा मार्गासनी. आणि त्या हिरवट खड्यांचा माल पानशेत, कारण तिथं वाळूची पोती रचून नदी अडवली आहे असं मला सांगितलं होतं. परमुलखात दिवसातून दहा वेळा ही नावं लिहायला बरं वाटायचं.

मी गेलो त्याच्या पुढच्याच वर्षी तिकडं यादवी पेटली. आमच्या गावात गोळीबार झाला नाही, पण आतल्या भागातून माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन येऊ लागली. ती नदीची जागा बंदूकवाल्यांच्या ताब्यात गेली. त्यांनी आसपासच्या गावांतली माणसं धरून नेली आणि पाण्यात उभी करून त्यांच्याकडून वाळू धुवून घेऊ लागले. पळणाऱ्यांचे हात तोडत. हे मला ऐकून माहीत होतं. पण हिरवट खडे येणं थांबलं नाही. उलट वाढलं, आणि मी घडीवर पानशेत लिहीत राहिलो.

मग मॅनेजरनं सांगितलं की पानशेतचा माल वेगळा ठेवू नका, भाटघरच्या मालात मिसळा. म्हणजे पेटीवर जुन्या खाणीच्या मालाचा दाखला लागेल. मिसळणं हे हातानंच करायचं काम आहे. दोन ढीग कागदावर ओतायचे आणि तळव्यानं गोल फिरवायचे, गहू निवडताना फिरवतात तसे. ते मी केलं. हात माझा होता.

ऑफिसात एक दुभाषे होते. पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून मी त्यांना मास्तर म्हणायचो. त्यांनी तो शब्द उचलला आणि मलाही मास्तरच म्हणू लागले. दुपारी आम्ही दोघं मागच्या ओट्यावर जेवायचो. त्यांना मी आमटी खायला शिकवलं. माझ्या घडीवरच्या नावांचा अर्थ तिथं फक्त त्यांना माहीत होता. मला भेटलेला तो सगळ्यात गमत्या माणूस.

"तुमच्या पानशेतला काय पिकतं?" ते विचारायचे.

"भात. आणि आता धरणाचं पाणी."

"आमच्या पानशेतला फक्त पाणी. भात आम्ही तुमच्याकडून घेतो, आणि तुम्ही तोही जास्त शिजवता."

एके दिवशी त्या जागेचा माल घेऊन दोन तरुण आले. आपसात बोलत होते, हसत होते. त्यांचं बोलणं मास्तरांनी मला तेव्हा सांगितलं नाही. दुपारी ओट्यावर जेवताना सांगितलं. नदीवर वाळू धुवायला नव्या बायका आणल्यात, असं ते म्हणत होते, आणि ज्या गावच्या म्हणत होते ते मास्तरांच्या धाकट्या बहिणीचं सासर होतं. बहिणीचा पंधरा दिवस पत्ता नव्हता.

"आपण घेणं थांबवलं तर ते खणणं थांबवतील," मास्तर म्हणाले.

"दुसरा कुणीतरी घेईल."

"दुसऱ्याचं दुसरा बघेल. तुम्ही आणि मी इथं आहोत."

मी ताटातला भात चिवडत राहिलो.

पुढच्या महिन्यात बाहेरच्या देशातून चौकशी करणारे दोघे आले, एक बाई आणि एक पुरुष. मानवी हक्कांचं काम करायचे. बंदूकवाल्यांचा माल कोण विकत घेतं, ते लिहून घेत गावोगाव फिरत होते. मास्तर त्यांना आधीच बाहेर भेटून आले होते. मला ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं की आमच्या प्रतवारीवाल्याला खडा बघून जागा कळते, आणि पुड्यांच्या घडीवर तो ती लिहून ठेवतो.

ते दोघे ऑफिसात यायच्या आधी मॅनेजर माझ्या टेबलापाशी आला. माझ्याहून वयानं लहान होता, मला भाऊ म्हणायचा. "भाऊ, तुम्ही फक्त खडे बघता. खडे कुठून आले ते खडे सांगत नाहीत. बरोबर ना?" एवढंच. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत होतो की माझ्यावर जबरदस्ती झाली. तशी ती झाली नव्हती.

ते दोघे माझ्यासमोर बसले. माझं इंग्रजी कामापुरतं, म्हणून तिथल्या बाजारात चालणारी मोडकी बोली मी बोलायचो आणि तिचं इंग्रजी मास्तर करून द्यायचे. मास्तर माझ्या डाव्या हाताला उभे होते.

बाईंनी विचारलं, "खडा बघून तो कुठला, हे सांगता येतं का?"

मी म्हणालो, "नाही. खडे कुठून आले ते खडे सांगत नाहीत."

मास्तरांनी त्याचं इंग्रजी केलं. एक शब्दही बदलला नाही.

बाईंनी टेबलावरची एक रिकामी पुडी उलगडली. घडीवर माझ्या अक्षरात पानशेत लिहिलं होतं. "हे काय आहे?"

"माझ्याकडच्या गावाचं नाव. सवय म्हणून लिहितो. देवाचं नाव लिहावं तसं."

मास्तरांनी तेही सांगितलं. त्यांचा आवाज शाळेत धडा वाचून दाखवणाऱ्या माणसासारखा, स्पष्ट आणि सपाट.

मग त्या पुरुषानं मास्तरांकडं बोट केलं. "हे म्हणतात की यातून तुम्ही जागा ओळखता."

मी मान खाली घातली. "त्यांची बहीण हरवली आहे," मी म्हणालो. "त्यांचं डोकं ठिकाणावर नाही."

मास्तर क्षणभर थांबले. मला वाटलं, आता हे माझं वाक्य गाळतील. गाळतील तर बरं, असंही वाटलं. त्यांनी ते सांगितलं. स्वतःबद्दल, तिसऱ्याच माणसाबद्दल बोलावं तसं: यांची बहीण हरवली आहे, यांचं डोकं ठिकाणावर नाही. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात मास्तरांना कामावरून काढलं. जाताना ते माझ्या टेबलाशी आले नाहीत. ओट्यावरून थेट रस्त्याला लागले. नंतर दीड वर्ष मी तिथंच खडे निवडत होतो.

परत आलो, घर बांधलं, मुलीचं लग्न केलं. वेल्ह्याला आता कागदोपत्री दुसरं नाव आहे, आमच्या तोंडी वेल्हेच. स्वारगेटला एसटीत बसलो की शेजारच्या गाडीचा कंडक्टर ओरडतो, "पानशेत, पानशेत!" आणि मी खिडकी लावून घेतो. सूनबाईनं दोनदा सगळ्यांसाठी तिकडं रिसॉर्ट ठरवलं. मी गेलो नाही. "आबांना आमच्यात यायला आवडत नाही," असं ती म्हणते, आणि मी ते खोडून काढत नाही.

तीन वर्षांपूर्वी ऑफिसच्या जुन्या ड्रायव्हरकडून माझा नंबर मिळवून मास्तरांचा मोबाईलवर संदेश आला. लांबलचक नव्हता. चौकशीच्या कागदात त्यांच्या नावापुढं अविश्वसनीय असा शेरा पडला होता. युद्ध संपल्यावर पीडितांच्या सुनावणीत त्यांनी बहिणीबद्दल सांगायला नाव दिलं तेव्हा तो शेरा समोर आला आणि त्यांचं कुणी लिहून घेतलं नाही. बहीण परत आली नव्हती. शेवटी लिहिलं होतं: मी खोटं बोललो नव्हतो, एवढं तुम्ही लिहून द्याल का?

मी भोरला गेलो. तहसील कचेरीसमोर झाडाखाली टायपिंगवाला बसतो. त्यानं आधी विचारलं, "सातबाऱ्याचं हाय का वारसाचं?"

"हिऱ्यांचं आहे."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "आजोबा, कोनच्या गटात घावलं?"

मी सांगत गेलो तसा तो टाईप करत गेला. मधे एकदा म्हणाला, "आन् तुमी न्हाई म्हनला?" मी म्हणालो, "व्हय." त्यानं कागद पुरा करून दिला. जवळच बसणाऱ्या वकिलांकडून मी त्याचं इंग्रजी करून घेतलं, शिक्का घेतला, फोटो काढून मास्तरांना पाठवला. कागदात होतं: मी शपथेवर लिहून देतो की मला जागा ओळखता येत होत्या, पुड्यांवर मीच त्या लिहिल्या होत्या आणि सदर दुभाषे खरं बोलत होते.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज म्हातारा झालेला, पण तोच.

"कागद मिळाला, मास्तर. इंग्रजी चांगलं आहे. तुमचं नाही ते, कळलं."

"वकिलाचं आहे."

"तरीच."

दोघंही हसलो. मग ते थांबले. मला ते थांबणं कळत होतं. ते मला जागा करून देत होते.

"तुमच्याकडं पाऊस आहे का?" मी विचारलं.

"आहे," ते म्हणाले. "आणखी काही, मास्तर?"

"नाही. तब्येतीला जपा."

ठेवतो म्हणाले आणि ठेवला. पुढल्या आठवड्यात फोन करू, मग दिवाळी झाल्यावर करू, असं करत मी आठ महिने घालवले. रोज अंगणात एकटा बसून वाक्य जुळवत होतो. मग त्यांच्या मुलीचा संदेश आला की वडील गेले. कागद त्यांनी तिथल्या सुनावणीच्या कचेरीत दिला होता, तो पोचल्याचं तिनं कळवलं.

कागद पोचला. त्यात माफी नव्हती. शपथपत्रात तशी ओळ नसते. ती तोंडानं म्हणायची होती, आणि मी पावसाचं विचारलं. तेव्हा म्हणायचं होतं ते असं: मास्तर, तुमचं डोकं ठिकाणावर होतं, आणि ते मला माहीत होतं. तुमच्या बहिणीनं उपसलेले खडे माझ्या हातात होते. मी तुम्हाला खोटं पाडलं, आणि ते तुमच्याच तोंडून वदवून घेतलं. मला माफ करा.