कर्जतला उतरलेला आयडर

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत दुर्बीण, माकडटोपी आणि बायकोने बांधून दिलेल्या गुळाच्या पोळ्या होत्या. त्यांपैकी उपयोगी पडल्या त्या पोळ्या. आदल्या दिवशी शेजाऱ्यांच्या फोनवर साळवे सरांचा निरोप आला होता. सर नगरच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आणि मी त्यांचा जुना विद्यार्थी. निरोप एवढाच होता की नगर जिल्ह्यात कर्जतच्या बाजूला आयडर उतरला आहे, लगेच ये.

आयडर म्हणजे उत्तरेच्या गारठलेल्या समुद्रांवर राहणारं बदक. नर वरून पांढराशुभ्र, पोटाखाली काळा, डोक्यावर काळी टोपी. आता कर्जत तालुक्यात समुद्र नाही, आणि बर्फ असतो तो रसवंतीत. पण सरांनी नोकरीभर हा पक्षी फळ्यावर काढला होता आणि प्रत्यक्षात एकदाही पाहिला नव्हता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. शंका काढायची माझी टाप नव्हती.

नगरच्या स्टँडवर सर माझ्याआधी हजर होते. नागापूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या त्यांच्या शेजाऱ्याने सासुरवाडीला गेल्यावर हे बदक तलावात पाहिलं होतं म्हणे. तेवढ्या भांडवलावर सरांनी एका वार्ताहराला सांगूनही टाकलं होतं. एसटीने वेग घेतला तसा सरांनीही घेतला. आयडर समुद्राच्या तळाशी बुडी मारून शिंपले कवचासकट गिळतो. मादी स्वतःच्या छातीची पिसं उपटून घरट्यात अंथरते आणि जवळजवळ उपाशीच अंड्यांवर बसून राहते. कंडक्टर तिकिटं फाडायचं थांबवून ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, नर काय करतो? नर पिल्लं निघायच्या आधीच निघून जातो, असं सरांनी सांगितल्यावर त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं.

कर्जतला एका खानावळीत शिपी आमटी (डाळीची झणझणीत आमटी) आणि भाकरी खाल्ली. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. सर मात्र घास तोंडात धरून लाखोंनी भरणाऱ्या उत्तरेतल्या थव्यांचा हिशेब सांगत होते. महाराष्ट्रातली आयडरची संख्या आजपर्यंत शून्य, आज ती एक होणार, हे त्यांनी मालकालाही ऐकवलं. मालकाने आणखी आमटी वाढली.

तिथून टेम्पोने तलावावर गेलो. बांधावर बाभळी, पलीकडे उघडा माळ आणि उन्हात चकाकणारं पाणी. मधोमध एक पांढरा पक्षी डुलत होता. काळी टोपी, काळं पोट, सगळं पुस्तकातल्यासारखं. सरांनी दुर्बीण लावली. तेवढ्यात पक्ष्याने बुडी मारली, बराच वेळ खाली राहिला आणि टपकन वर आला. सरांनी दुर्बीण खाली घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते. मला खरंच फार आनंद झाला.

काठावर एक माणूस ट्रकच्या ट्यूबमध्ये हवा भरत होता. नाव रहीमभाई, याच तलावावर मासे धरायचे. आम्ही काय बघतो आहोत हे त्यांनी विचारलं आणि सरांनी सगळं सांगितलं. जगात दुर्मीळ नाही, पण इथे अतिदुर्मीळ. उद्याच्या पेपरात येईल, लोक बघायला येतील, हा तलाव राखीव करायची मागणी आपण करू. रहीमभाईंचा चेहरा उतरला. ते ट्यूबवर बसून हातांनी पाणी मारत थेट पक्ष्याकडे निघाले.

पक्षी उडाला नाही. रहीमभाईंनी तो मानेला धरून उचलला, त्याच्यामागून जाळं ओढलं आणि दोन्ही घेऊन काठावर आले. तो जाळ्याला तरंगता बांधलेला गोडेतेलाचा पांढरा डबा होता. तलावात प्रत्येकाचं जाळं वेगळं ओळखू यावं म्हणून जो तो आपल्या डब्याला आपली खूण रंगवतो. रहीमभाईंनी बुडाला आणि झाकणाला डांबर फासलं होतं. जाळ्यात मोठा कटला मासा अडकला होता, तोच डब्याला बुड्या मारायला लावत होता.

"ह्यो बगा तुमचा पक्षी," रहीमभाई म्हणाले. "सर, पेपरात लिवू नका. तिकडं माळढोक पक्षी निघाला, सरकारनं अभयारन्य केलं, तवापासून जमिनीचा येव्हार म्हनलं की लोकं घाबरत्यात. हितं बदक निघालं तर आमी मासं कुटं धरायचं?"

सरांनी डबा हातात घेतला, उलटापालटा केला. बोटांना डांबर लागलं. माझी मान वर होईना.

मग रहीमभाईंनीच विचारलं, "तिकडं बदकं हायती, तितल्या मानसांला हाकलत्यात का?"

"नाही," सर म्हणाले. "तिथले लोक कोल्ह्यांपासून घरटी राखतात. पिल्लं निघून गेली की पिसं गोळा करून रजया भरतात. माणसं राखतात म्हणूनच बदकं वाढतात."

"मंग तसलं बदक आमाला बी चालंल की," रहीमभाई म्हणाले आणि मासा सोडवायला बसले.

परतीच्या एसटीत मी पिशवी उघडली. गुळाच्या पोळ्या आम्ही दोघांनी संपवल्या. मी सुचवलं, वार्ताहराला सांगू, बदक उडून गेलं. झाकली मूठ राहील. सरांनी नाही म्हणून मान हलवली. उडून गेलेलं बदक परत येईल या आशेवर लोक तलावावर ठाण मांडतील, म्हणाले.

नगरला उतरून ते तडक वार्ताहराकडे गेले आणि बातमी स्वतः सांगून लिहून घेतली. तलावाचं नाव हवं, स्वतःचं पूर्ण नाव आणि पदवी हवी, आणि डबा हा शब्द मथळ्यातच हवा. वार्ताहराला हसू आवरेना. त्याने विचारलं, सर, खरंच छापू?

रात्री मी नगरलाच थांबलो. दुसऱ्या दिवशी 'निवृत्त प्राध्यापकांनी तेलाच्या डब्याला मानले दुर्मीळ बदक' अशी बातमी आली. सकाळपासून सरांच्या दारात चेष्टा करणाऱ्यांची रीघ होती. मी पुण्याची गाडी पकडायला स्टँडवर गेलो, तर सर कर्जतच्या एसटीपाशी उभे. कालचाच कंडक्टर होता. त्याच्या हातात पेपर देत सर सांगत होते, "तलावाच्या फाट्यावर रहीमभाईंना द्या. आणि त्यांना वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा. मोठ्याने, गावाला ऐकू जाईल असं."