बशीतलं पाणी

काल वर्गाच्या खिडकीत बशीभर पाणी ठेवलं आणि दुसरीच्या मुलांना म्हटलं, "रोज बघा हं, हे हळूहळू उडून जाईल." आज पाहते तर बशीवर पाटी झाकलेली.

"बाई, मी झाकलं," कमल म्हणाली. "टँकर अजून आला नाही ना."

मी पाटी उचलली. "अगं, उडू दे. त्याचे ढग होतात, पाऊस होऊन परत येतं ते."

"आपल्याच गावात?"

बाहेर पांढरंफटक आभाळ. पुस्तकातल्या चित्रात एक बाण वर जातो, एक खाली येतो. वरचा आमच्याच गावातून निघत असावा. खालचा कुठे उतरतो, देव जाणे. हे या लेकरांना कुठल्या तोंडानं शिकवू?

मी पाटी परत बशीवर ठेवली, कडेला जराही फट राहणार नाही अशी.