फाट्यापासून वस्तीपर्यंत

चांगुणाबाई महिला ग्रामसभेला गेल्या त्या बासष्ट वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा गॅसची शेगडी मिळणार होती म्हणून. या खेपेला कारण नातीचं होतं.

समृद्धी दौंडला नर्सिंग शिकायची. संध्याकाळी ती फाट्यावर एसटीतून उतरेस्तोवर अंधारून यायचं. तिथून वस्ती सव्वा किलोमीटर, दोन्ही अंगांना डोक्यावर गेलेला ऊस. गेल्या महिन्यात याच रस्त्यावर दोघांनी मोटारसायकल आडवी घालून एका बाईंच्या गळ्यातलं ओढून नेलं. पोरीला आई नव्हती, आणि बाप दत्ता साखर कारखान्यात दुसऱ्या पाळीला. तो जेवताना एकच म्हणायचा, "दिवाळीनंतर पोरीला पाठवायची न्हाई."

पंचायतीकडं यंदा गावाच्या सुरक्षेसाठी पैसा आला होता. पोलिस पाटील हौसराव बायकांना कॅमेऱ्यांचं महत्त्व सांगत होते. वेशीवर दोन, देवळापुढं दोन.

"कॅमेरा झोपत न्हाई, वहिनी."

"झोपत न्हाई, पण उठून धावतबी न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "आमच्या रस्त्याला चार दिवे द्या, आन् सांजच्याला दोन माणसं फिरवा."

"वस्तीवर घरं सात. गावात साडेचारशे."

"मग चोरांना सांगा, गावातच या म्हणून."

बायका हसल्या. भामाबाई म्हणाली, "शाळेला लावला व्हता की कॅमेरा. त्यात कोळ्यानं संसार मांडलाय." हौसरावही हसले, ठाण्यात माणसं किती आणि त्यांच्याकडं गावं किती, ते सांगू लागले. शेवटी पंचायत सदस्य राजश्रीनं विचारलं, "दिवे कुणाकुणाला हवेत?" बहुतेक हात वर झाले. ग्रामसेविका सुलक्षणा मॅडम म्हणाल्या, "घेते लिहून." चांगुणाबाईंनी वाटेत देवळाच्या पायरीला हात लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी मोठी ग्रामसभा. मॅडमनी वाचलं, महिला ग्रामसभेनं कॅमेऱ्यांचा ठराव एकमतानं मंजूर केला.

चांगुणाबाई उठल्या. "मॅडम, आम्ही तर दिवे म्हणालो."

मॅडमनी रजिस्टर पुढं केलं. ठरावाखाली तिसरी सही त्यांचीच. काल आत शिरताना कोऱ्या पानावर केलेली.

"आजी, सह्या आधीच घ्यायची पद्धत आहे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "नाहीतर बायका मधेच उठून जातात. मजकूर... वरून सांगितला तसा भरला."

"पुढच्या आराखड्यात बघू, वहिनी," हौसराव म्हणाले. चांगुणाबाई खाली बसल्या. भांडायचं तर कुणाशी, सही खरीच होती.

घरी दत्ता डबा बांधून निघाला होता. आईच्या तोंडाकडं बघूनच म्हणाला, "मग पोरीला सांगू नव्हं?"

"काय सांगू नगस. मी जाईन फाट्याला, रोज."

"तुझं गुडघं?"

"देवळात जात्यात तसंच फाट्याला जातील. जप काय, रस्त्यानंबी व्हतो."

दत्तानं कोपऱ्यातली काठी आणून आईच्या हातात दिली.

एसटी उशिरा आली. समृद्धी उतरली. "आजी, तू कशाला आलीस?"

"चल," चांगुणाबाई म्हणाल्या. "चालताना बोलायला लावू नगस, दम लागतो."