पूर्ण डोस

२००५च्या हिवाळ्यात, अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या हॉस्पिटलात स्तनाच्या कॅन्सरवर केमो घेताना त्या काकू एकदाच माझ्या शेजारच्या खुर्चीत होत्या. नाव विचारायचं राहिलं. अंगाने चांगल्याच जाड. बसण्याआधी खुर्चीचे हात दाबून बघितले, मग बसल्या.

सुई लावताना नर्स सहज म्हणाली, "वजन जास्त आहे ना, म्हणून डॉक्टरांनी डोस वजनाच्या हिशोबापेक्षा थोडा कमी ठेवलाय."

काकूंनी पुढे केलेला हात काढून शालीत घातला. "आधी डॉक्टरांना बोलवा," त्यांनी इंग्रजीत ठणकावलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "शिंपी माझ्या ब्लाउजला कापड जास्त मागतो, आणि हे औषधात काटकसर करतात!"

पाळी गेल्यावर लठ्ठपणाने स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, तो उलटायची भीतीही जास्त, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, सगळं वाचलंय. पण जिला धोका जास्त तिलाच औषध कमी, हा कुठला न्याय? मी काटकुळी, तर लोक हळहळतात, "तुला कसा गं झाला?" काकूंना मात्र, त्यांनीच मला सांगितलं, घरोघरचे डबे आणून होणाऱ्या पॉटलकमध्ये बायकांनी ऐकवलं होतं, "तूप कमी करा म्हणत होतो ना!"

डॉक्टर आले. डोस कमी का, हे त्यांना धड सांगता येईना. रिपोर्ट पुन्हा बघून म्हणाले, "ठीक आहे, पूर्ण देऊ." औषधाची नवी पिशवी आली, तेव्हाच काकूंनी हात बाहेर काढला.

माझ्या पिशवीत पहिल्या दिवसापासून पूर्ण औषध होतं. त्यासाठी मला कुणाशी भांडावं लागलं नव्हतं.