कॅनडाच्या पत्राची घडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा हा विषय बाजूला ठेवला – त्याला दिसतंच आहे, वर आणखी मी काय बोलू? तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मध्येच काही विचारणार नाही. मला मध्येच विचारलं की मी खोटं बोलते. सवय आहे.

आमच्या घरी आलात तर पाच मिनिटांत आमचे हे तुम्हाला ते पत्र दाखवतील. कॅलेंडरखाली खिळ्याला टांगलेलं आहे, प्लॅस्टिकमध्ये बंद, वर कॅनडा सरकारचा शिक्का. आणि मग ठरलेलं वाक्य – "डिगरी न्हाई म्हनून न्हाई म्हनले." साखर मागायला आलेल्या शेजारणीला पत्र. विम्याच्या एजंटाला पत्र. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या माणसाला, त्याची चप्पल पायात असतानाच, पत्र! कान किटले हो माझे. लोक शिक्का बघतात, वरच्या चार ओळींवरून नजर फिरवतात आणि मान हलवतात. एकानेही आजवर विचारलं नाही की कागद अर्धाच का दिसतो.

थांबा. क्रमाने सांगते, नाहीतर मी पुन्हा निसटेन.

एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहत होतो. हे तिथे फिटर. मूळचे कर्जतकडचे, शिक्षण सातवी. मी नगरची, मॅट्रिक पास. कॉलनीत इंग्रजी वाचता येणारी बाई मी एकटी, म्हणून सगळ्यांचे कागद माझ्याकडे यायचे. बाईंना विचारा, बाईंना दाखवा. मला ते आवडायचं. फारच आवडायचं, खरं तर.

यांच्याबरोबरचा एक वेल्डर कॅनडाला गेला आणि तिथेच राहिला. त्याचं पत्र आलं, आणि झालं! यांच्या डोक्यात कॅनडा शिरला. कायमचं जायचं, पोरीला घेऊन जायचं, घर करायचं. हे त्यांनी चहावाल्याला सांगितलं, मिलमधल्या हाताखालच्या खलाशाला सांगितलं, गावी जाऊन आईला सांगितलं. मला मात्र फॉर्म आणून दिला – भर म्हणून. जायचं का, असं एकदा तरी विचारलं? नाही.

आणि त्या फॉर्मचे हाल काय सांगू! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पासपोर्टला शाळेचा दाखला हवा, दाखल्याला रजिस्टर हवं, रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. मास्तरांनी आठवणीने जन्मतारीख लिहिली – एक जून. कारकून म्हणाला, ही खोटी वाटते. आता त्याला कोण समजावणार, की आमच्याकडे अर्धा वर्ग एक जूनलाच जन्मतो? मग तलाठी, मग पोलीस पाटील, मग मुंबईला दोन खेपा. आणि जिथे जावं तिथे एकच प्रश्न. पदवी? नाही. डिप्लोमा? नाही. मग तुम्ही कशाला जाता हो? हा प्रश्न ऐकून हे माझ्याकडे बघायचे, आणि मी फॉर्मकडे बघायची.

यांना काय येत होतं ते त्या कारकुनांना काय माहीत? स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनला लावायचे, मूठ कानाला, आणि आतली कुठली बेअरिंग जाणार ते सांगायचे. पदवीवाले इंजिनिअर यांना घरून बोलावून न्यायचे. पण फॉर्मवर कानाला रकाना नव्हता. शाळेच्या एका वर्षाला एक गुण म्हणे. म्हणजे यांना सात.

दुष्काळाचं साल होतं. कॉलनीच्या नळाला दिवसाआड पाणी. हंडा डोक्यावरून उतरवला आणि पोस्टमनने पाकीट हातात दिलं. दिल्लीच्या कॅनडा वकिलातीतून आलेलं. हे पाळीवरून आलेले, हात अजून ग्रीसचे, म्हणून त्यांनी ते धरलंसुद्धा नाही. म्हणाले, तू वाच.

मी आधी मनात वाचलं. पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं की शिक्षणाचे गुण कमी पडतात, पदवी नाही, डिप्लोमा नाही. दुसरा परिच्छेद 'तथापि' असा सुरू होत होता. तुमच्या कामाच्या माणसांची आम्हाला गरज आहे. कामाचे गुण पुरेपूर धरले आहेत. कारखान्याचं अनुभवाचं पत्र आणा, पत्नीला घेऊन अमुक तारखेला मुंबईत मुलाखतीला या.

मी पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला. मराठीत सांगितला. 'एज्युकेशन' या शब्दावर बोट ठेवून दाखवलं. तेवढी अक्षरं यांना जुळवता यायची. आणि थांबले.

"अन् खाली काय लिव्हलंय?"

"खाली नेहमीचंच. कळवायला वाईट वाटतं वगैरे."

यांनी हात फडक्याला पुसले. खूप वेळ पुसले. मग म्हणाले, "सातवी म्हंजे काहीच न्हाई का मंग?"

मी म्हणाले, "नाही."

हे शेवटचं 'नाही' कशाला? तेवढ्याची तर गरजही नव्हती. पत्र खोटं वाचून झालं होतं.

का केलं, म्हणाल. वर्षानुवर्षं मी स्वतःला कारणं सांगितली. पोरगी लहान होती. तिकडे थंडी. आई थकली होती. मला विचारलं नाही, हे तर होतंच. पण यातलं एकही खरं नाही – म्हणजे खरं आहे, पण त्यासाठी मी केलं नाही. खरं सांगू? त्या सबंध पत्रात माझ्या मॅट्रिकचा एक शब्द नव्हता. फॉर्मवर माझं नुसतं नाव आणि वय. जी बाई कॉलनीला इंग्रजी वाचून दाखवते तिला शून्य, आणि सातवीवाल्याला या म्हणून आवतण! लग्न झाल्यापासून मी मनातल्या मनात या माणसाच्या वर बसले होते. तिथून मला उतरायचं नव्हतं. बस, एवढंच.

मुलाखतीच्या तारखेला हे सकाळच्या पाळीला गेले. मी डब्यात पिठलं-भाकरी दिली, वर ठेचा. दिवसभर घड्याळाकडे बघितलं. मुंबईला जाऊन पोहोचायची वेळ टळली तेव्हा मी निवांत झाले. हो, निवांतच झाले.

पत्र फाडायला हवं होतं, पण यांनी ते ठेवायचं म्हटलं. तुमच्या हातांचं तेल लागेल, असं सांगून मी त्याची घडी घातली – पहिला परिच्छेद पुढे, दुसरा मागे, आणि त्याच्या पाठीला पुठ्ठा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं. यांचंच लोखंड कापायचं हॅक्सॉ ब्लेड कडेला धरून मेणबत्तीवर कड वितळवली. वाकडीतिकडी बंद झाली, पण झाली.

त्यानंतर हा माणूस बदलला. नव्या इंजिनिअरांना शिकवणं बंद. विचारलं की म्हणायचे, डिगरीला इचारा. आणि सगळा राग निघाला तो सुनंदावर, आमच्या लेकीवर. तिला शिवणकामाची आवड. हात असा बसलेला की बघत राहावं – बापाचाच हात. पण यांनी तिला बी.एस्सी.ला घातलं. दोनदा नापास झाली, तरी सोडू दिलं नाही. पत्र तिच्यासमोर धरायचे. ती एकदा मला म्हणाली, "आई, आण्णांना त्या कॅनडानं घेतलं असतं ना, तर मी सुटले असते." मी तिला आमटी वाढली. हीच माझी कर्तबगारी.

पोरगी तिसऱ्या खेपेला पास झाली. पदवी ट्रंकेत पडली, ती आजही तिथेच आहे. शिवणयंत्र घ्यायचं राहूनच गेलं.

हे निवृत्त झाले, आम्ही कर्जतकडच्या घरी आलो. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत पत्राचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं दिसलं. नवं घालावं म्हणून खाली काढलं. हे पारावर गेलेले. कात्री लावणार, तेवढ्यात कड दिसली.

सरळ होती. पट्टी लावून आखल्यासारखी. माझ्या हातून अशी कड आयुष्यात झालेली नाही. फिटरचा हात होता तो.

मी उघडलं. मागच्या परिच्छेदात शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी लिहिलेलं होतं, जाड, शाळकरी अक्षरात. तरीपण. धंदा. गरज. मुलाखत. सुनंदाच्या शब्दकोशातून एकेक शब्द शोधला असणार. 'बायकोसह' याच्याखाली रेघ होती.

कधी उघडलं यांनी? शब्दकोश घरात आला तेव्हा, की पोरगी सासरी गेल्यावर? आधीच कळलं असेल तर तिला का छळलं? आणि मला का नाही छळलं? अरे, शिवी तरी घालायची! ताट तरी भिरकावायचं! इतकी वर्षं माझ्याच हातची भाकरी खायची आणि माझ्यासमोर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं – डिगरी न्हाई म्हनून. मी मूर्खासारखी त्या कागदाकडे बघत बसले. मला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो कुणावर काढायचा तेही कळेना.

तेव्हाच यांच्याशी बोलायचं होतं. मेणबत्ती लावायच्या आधी बोलायचं होतं.

मी पत्राची घडी घातली. तशीच – पहिला परिच्छेद पुढे, दुसरा मागे. पुठ्ठा लावला. नव्या प्लॅस्टिकमध्ये घातलं, ब्लेड धरलं, मेणबत्तीवर कड बंद केली. वाकडीच झाली.

हे परत आले. खिळ्यावरचं पत्र काढून हातात घेतलं. चष्मा न लावता अंगठा कडेवरून सावकाश फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुन्हा टांगलं आणि म्हणाले, चहा टाक.

मी चहा टाकला.